करुणा, त्याग आणि चित्तशांती : श्रेष्ठी अनाथपिंडिकाचा जीवनपाठ



करुणा, त्याग आणि शांती हे तीन शब्द धर्मसभांतून इतक्या वेळा कानांवर पडतात, की त्यांचा अर्थ सर्वांना ठाऊकच आहे असे गृहीत धरले जाते. व्यवहारात मात्र एक विलक्षण गोष्ट दिसून येते. दान करणाऱ्या प्रत्येकाला शांती लाभतेच असे नाही. लाखो रुपये देऊन नामफलकावर आपले नाव चौथ्या ओळीत आले म्हणून रात्ररात्र तळमळणारे दाते समाजात आहेत. उलट, आपण सर्व काही सोडले असे म्हणणाऱ्या काही माणसांच्या मनाला शेजारच्याच्या दुःखाचा ओलावाही शिवत नाही. पहिल्याजवळ देणे आहे पण सोडणे नाही. दुसऱ्याजवळ सोडणे आहे पण कळवळा नाही. दोघांनाही शांती मात्र अप्राप्यच राहते. तेव्हा देणे आणि सोडणे या दोन क्रिया एक आहेत की भिन्न, आणि त्यांचा मेळ कोठे बसतो, हा प्रश्न प्रत्येक प्रपंची माणसाने विचारावा असा आहे.

बौद्ध वाङ्मयात या प्रश्नाचे उत्तर एका व्यापाऱ्याच्या चरित्रात सापडते, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याचे मूळ नाव सुदत्त. श्रावस्ती नगरीतील तो मोठा श्रेष्ठी. निराधारांना अन्न देणारा म्हणून लोकांनी त्याला ‘अनाथपिंडिक’ हे नाव दिले आणि पुढे तेच रूढ झाले. श्रावस्ती ही कोसल देशाची राजधानी. आजच्या उत्तर प्रदेशातील सहेत-महेत येथील अवशेष म्हणजेच ती प्राचीन नगरी. तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांची जन्मभूमी म्हणून जैन परंपरेला जी भूमी वंदनीय आहे, तीच ही भूमी. अपरिग्रहाचा विचार दोन्ही श्रमण परंपरांनी आपापल्या मार्गाने जेथे रुजविला, त्या मातीतला हा व्यापारी होता.

एकदा व्यापारानिमित्त सुदत्त मगधाची राजधानी राजगृह येथे गेला. तेथील नगरश्रेष्ठी हा त्याच्या पत्नीचा भाऊ. एरवी सुदत्त आला की हातातले काम टाकून मेहुणा पुढे येत असे. त्या दिवशी मात्र तो नोकरचाकरांना स्वयंपाकाच्या सूचना देण्यात गढून गेलेला होता. घरात विवाह आहे की राजा बिंबिसाराला भोजनाचे निमंत्रण आहे, असे सुदत्ताने विचारले. दोन्हीही नव्हते. दुसऱ्या दिवशी भगवान बुद्ध भिक्षुसंघासह भोजनास येणार होते. ‘बुद्ध’ हा शब्द ऐकताच सुदत्ताची झोप उडाली. पहाट झाली असे समजून तो रात्रीतून तीन वेळा उठला आणि शेवटी अंधारातच नगराबाहेरील सीतवनाकडे निघाला. वाटेत भीती वाटली, पाय अडखळले, तरी तो पोहोचला. तेव्हा बुद्ध पहाटेच्या प्रहरी मोकळ्या जागेत चंक्रमण करीत होते. त्यांनी त्याला ‘सुदत्त’ या नावाने हाक मारली.

या भेटीत सुदत्ताने विचारलेला पहिला प्रश्न मोठा मार्मिक आहे. रात्री झोप सुखाची झाली ना, एवढेच त्याने विचारले. पाहुण्याची विचारपूस करण्याची ती साधी रीत होती. परंतु स्वतः रात्रभर न झोपलेल्या व्यापाऱ्याच्या तोंडून ती आली होती. बुद्धांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की ज्याच्या चित्तातील तृष्णा विझली आहे तो सदैव सुखानेच झोपतो. ज्याच्या पेढीवर उधारी थकलेली आहे, ज्याचा माल वाटेत अडकला आहे, ज्याचे भागीदाराशी बिनसले आहे, त्याला या उत्तराचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शांती म्हणजे काय याची व्याख्या शास्त्रात कितीही सूक्ष्म असो, गृहस्थाच्या घरात तिची खूण एकच : उशीला डोके टेकताच लागणारी निर्वेध झोप.

श्रावस्तीला परतल्यावर संघासाठी विहार बांधावा असे सुदत्ताच्या मनाने घेतले. गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, दिवसा वर्दळ नाही आणि रात्री कोलाहल नाही, अशी जागा त्याला हवी होती. जेत राजकुमाराचे उद्यान त्याच्या मनात भरले. राजकुमाराला विकायचे नव्हते. त्याने टाळण्यासाठी सांगितले, की भूमीवर कडेला कड लावून कोटी नाणी अंथरली तरी उद्यान मिळणार नाही. सुदत्त म्हणाला, सौदा झाला. जेत म्हणाला, झाला नाही. वाद न्यायाधिकाऱ्यांपुढे गेला आणि त्यांनी निर्णय दिला, की ज्या अर्थी राजकुमाराने किंमत उच्चारली त्या अर्थी विक्री झाली. बाजारपेठेत वावरणाऱ्या मंडळींना हा निवाडा सहज पटेल. भाव एकदा तोंडातून गेला की माघार घेता येत नाही. सुदत्ताने गाड्या भरभरून नाणी आणवली. प्रवेशद्वाराजवळचा थोडा भाग उघडा राहिला, तेव्हा तो आणखी नाणी आणावयास सांगणार, इतक्यात जेताचे मन पालटले. एवढा तुकडा माझ्याकडून असू द्या, अशी विनंती त्याने केली आणि तेथे द्वारमंडप उभारला. सुदत्ताने ती विनंती मान्य केली. संपूर्ण पुण्य एकट्याच्या नावावर जमा करण्याचा हट्ट त्याने धरला नाही, ही या कथेतील सहज नजरेआड होणारी पण फार महत्त्वाची बाब आहे. आजही ते स्थान ‘जेतवन’ या नावानेच ओळखले जाते. जागा विकणाऱ्याचे नाव राहिले, विकत घेणाऱ्याचे नव्हे.

हा प्रसंग मध्य प्रदेशातील भारहुत स्तूपाच्या दगडी कठड्यावर कोरलेला आहे. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना हा स्तूप सापडला आणि त्याचे बरेचसे शिल्पावशेष आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहेत. बैलगाडीतून उतरविलेली नाणी, ती जमिनीवर मांडणारी माणसे आणि हातात जलपात्र घेऊन दानाचे उदक सोडण्यास सिद्ध झालेला श्रेष्ठी असे ते चित्र आहे. दानाच्या वेळी पाणी सोडण्याचा अर्थच असा, की ओंजळीतून निसटलेले पाणी जसे परत घेता येत नाही, तसा दिलेल्या वस्तूवरचा हक्क परत घेता येत नाही. देण्याची क्रिया हाताने होते. सोडण्याची क्रिया मनाला करावी लागते. अनाथपिंडिकाचे उर्वरित आयुष्य हे या दुसऱ्या क्रियेचे शिक्षण होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

बुद्धांनी या गृहस्थाला धन मिळवू नकोस असे कधी सांगितले नाही. अंगुत्तर निकायात त्यांनी त्याला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. पहिले अस्तिसुख : स्वतःच्या घामाने, न्यायाने मिळविलेले धन आपल्याजवळ आहे याचे सुख. दुसरे भोगसुख : त्या धनाचा उपभोग घेण्याचे आणि त्यातून पुण्यकर्म करण्याचे सुख. तिसरे अनृणसुख : आपण कोणाचेही थोडे वा फार देणे लागत नाही याचे सुख. चौथे अनवद्यसुख : काया, वाचा आणि मन यांनी निर्दोष वागल्याचे सुख. आणि पुढे असे, की पहिली तिन्ही सुखे एकत्र केली तरी चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाची सर त्यांना येत नाही. जुन्या पिढीतील मंडळींना रुपयाचे सोळा आणे आठवत असतील. तीन सुखांची मिळून किंमत एक आणाही भरत नाही, आणि उरलेले सारे मोल निर्मळ आचरणाचे आहे, असा हा ताळेबंद आहे. यात धनाचा धिक्कार नाही. धनाला त्याची नेमकी जागा दाखवून दिलेली आहे.

पुढे अनाथपिंडिकावर आर्थिक आपत्ती कोसळली. जातकाच्या अट्ठकथेत सांगितले आहे, की व्यापाऱ्यांना उसने दिलेले अठरा कोटी परत आले नाहीत आणि अचिरवती नदीच्या, म्हणजे आजच्या राप्तीच्या, काठी पुरून ठेवलेले अठरा कोटी पुरात वाहून गेले. आकडे कथेच्या पद्धतीचे असतील. परंतु बुडालेली उधारी आणि नैसर्गिक संकट यांनी भरभराटीची पेढी कशी बसते, हे व्यापारी समाजाला नवीन नाही. अशा स्थितीतही श्रेष्ठीने दान थांबविले नाही. पूर्वी पक्वान्ने वाढली जात, आता कण्यांचा भात आणि सोबत आंबलेली पेज. बुद्धांनी एकदा त्याला विचारले, तुझ्या घरी दान दिले जाते ना? त्याने संकोचाने सांगितले, की दिले जाते, पण ते असे जाडेभरडे आहे.

यावर बुद्धांनी जे सांगितले ते अंगुत्तर निकायातील वेलाम सुत्तात आले आहे. अन्न उत्तम असो वा सामान्य. ते अनादराने, दुसऱ्याच्या हातून, टाकाऊ म्हणून दिले तर त्याचे फळ तसेच मिळते, आणि आदराने, स्वतःच्या हाताने दिले तर फळही तसे मिळते. त्यानंतर त्यांनी वेलाम नावाच्या प्राचीन ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. त्याने चांदीने भरलेली सोन्याची हजारो पात्रे, हत्ती, रथ, गाई, वस्त्रे असे अपार दान केले. त्या दानाहून सम्यक् दृष्टी लाभलेल्या एका सत्पुरुषाला दिलेले भोजन श्रेष्ठ. त्याहून चारही दिशांच्या संघासाठी बांधलेला विहार श्रेष्ठ. त्याहून श्रद्धेने शरण जाणे श्रेष्ठ. त्याहून पंचशीलांचे पालन श्रेष्ठ. त्याहूनही, सुगंध हुंगण्यास लागेल एवढा क्षण जरी मनात मैत्रीभावना जागविली तरी ती श्रेष्ठ. आणि या सर्वांहून, बोटांची टिचकी वाजावी एवढा वेळ जरी अनित्यतेची जाण चित्तात ठसली, तर ती अधिक श्रेष्ठ.

ही शिडी बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्या श्रेष्ठीने जेतवनासारखा विहार दिला, त्याच्याच पुढ्यात बुद्ध सांगत आहेत, की विहारदानाच्या वर आणखी चार पायऱ्या आहेत. आणि त्या चारींपैकी एकीलाही दमडी लागत नाही! धन गेले म्हणून खजील झालेल्या माणसाला याहून मोठा दिलासा कोणता? त्याच वेळी, धन आहे म्हणून सुखावलेल्या दात्याला याहून सौम्य इशाराही कोणता? या शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्या म्हणजे मैत्री आणि अनित्यतेची जाण, म्हणजेच करुणेचे मूळ आणि त्यागाचे मूळ. त्या एकमेकींच्या लगत आहेत. एकीवर पाय ठेवल्याशिवाय दुसरीवर चढता येत नाही.

करुणेचा विचार बौद्ध परंपरेने मोठ्या सावधपणे केला आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांना ‘ब्रह्मविहार’ म्हणतात. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. त्यात प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगितले आहेत : एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो चटकन ओळखू येतो. तिचा जवळचा शत्रू मात्र शोक. तो करुणेचेच वस्त्र पांघरून येतो. दुसऱ्याच्या दुःखाने स्वतःच खचून जाणारा माणूस त्या दुःखिताला आधार देऊ शकत नाही. तसेच उपेक्षेचे. येथे उपेक्षा या शब्दाचा अर्थ हेळसांड असा नसून समचित्तता असा आहे. राग आणि द्वेष हे तिचे दूरचे शत्रू. अज्ञानातून येणारी बेफिकिरी हा तिचा जवळचा शत्रू. मला कशाचेच काही वाटत नाही, असे म्हणणाऱ्याची शांती ही बहुधा या जवळच्या शत्रूची शांती असते. अस्सल आणि नकली माल दिसायला सारखाच असतो; हात लावून पाहिल्यावरच पोत कळतो.

या कोरडेपणाला बुद्धांनी थारा दिला नाही, याचे उदाहरण विनयपिटकातील महावग्गात आहे. एका भिक्षूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. विहाराची पाहणी करताना बुद्ध आणि आनंद तेथे आले. कोणी शुश्रूषा का करीत नाही असे विचारता त्या आजाऱ्याने सांगितले, की मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझी काळजी घेत नाहीत. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः ते ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. नंतर भिक्षूंना एकत्र बोलावून त्यांनी समजावले, की तुम्ही आईबाप मागे सोडून आलात. आता तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी. घरदार सोडलेल्या त्या भिक्षूंनी एक गोष्ट सोडली नव्हती : देवाणघेवाणीचा हिशोब. तो माझे करीत नाही म्हणून मी त्याचे करीत नाही, ही वृत्ती मठातही शिरू शकते, पेढीवर तर तिचे राज्यच असते. करुणा सुरू होते ती हे जमा-नावे बाजूला ठेवल्यावर.

जेतवनाशी महाराष्ट्राचाही जुना धागा जुळतो. सूनापरांत देशातील सुप्पारक बंदराचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याचा, पूर्ण नावाचा एक व्यापारी माल घेऊन श्रावस्तीला गेला आणि जेतवनात उपदेश ऐकून भिक्षू झाला, असे परंपरा सांगते. त्याला आपल्या प्रदेशात परतावयाचे होते. तेथील लोक कठोर म्हणून प्रसिद्ध. ते शिव्या देतील तर काय करशील, असे बुद्धांनी विचारले. हाताने मारीत नाहीत एवढे ते भले आहेत असे मी मानीन, हा त्याच्या उत्तराचा आशय होता. मारतील तर? शस्त्र चालवीत नाहीत एवढे भले. याप्रमाणे प्रश्न जिवावर बेतण्यापर्यंत गेले, तरी पूर्णाचे चित्त ढळले नाही. त्याने धन सोडले होते, परंतु त्याहून अवघड असे काही त्याने सोडले होते : दुसऱ्याने माझ्याशी असेच वागावे, हा हक्क. मनातील कितीतरी तगादे या एका हक्कापोटी चालू असतात. ते मागे घेतले की क्षमा निराळी करावी लागत नाही. याच सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथे मिळाला.

सोडणे म्हणजे टाकून देणे नव्हे, हेही ध्यानी घेतले पाहिजे. भिक्षूंच्या वस्त्राचे, म्हणजे चीवराचे, उदाहरण यासाठी बोलके आहे. मगधातील बांधबंदिस्त शेतांकडे बोट दाखवून बुद्धांनी आनंदाला तशा आकृतीचे चीवर करावयास सांगितले. अखंड कापड कापून त्याचे तुकडे जोडले, की त्याचा बाजारभाव उतरतो आणि त्यावर कोणाचा डोळा राहत नाही. ताग्यातील कापड आणि कापलेले तुकडे यांच्या भावातील फरक जाणणाऱ्यास यातील युक्ती समजेल. पुढे आनंदाला एकदा पाचशे चीवरे दानात मिळाली, तेव्हा उदयन राजाने खोचकपणे विचारले, की एवढ्या वस्त्रांचे दुकान मांडणार काय? आनंदाने सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने. त्या जुन्या आच्छादनांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बैठक. त्यानंतर पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या कुटून मातीत कालवून भुई सारवण्यासाठी. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. जो वस्तूला चिकटत नाही तो तिचा अपमान करीत नाही. उलट शेवटच्या धाग्यापर्यंत तिचे सार्थक करतो.

दात्याने मन कसे सोडवून घ्यावे याचा एक लेखी पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे लेणे कोरविले. त्या दहाव्या लेण्यातील शिलालेखानुसार त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे ठेव म्हणून ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण, असा व्याजाचा दर ठरला. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी १२ कार्षापणे द्यावयाची होती. २००० चे वार्षिक व्याज २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजेही २४० : हिशोब तंतोतंत जुळतो. मुद्दल कधी परत करावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट असून अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणतात. हा सारा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून त्याची नोंदही करण्यात आली. भाव निर्मळ आणि नोंद चोख, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. देणाऱ्याने मुद्दलावरचा हक्क उघडपणे सोडला, म्हणूनच ती ठेव धर्मकार्याची झाली. कोणत्याही न्यासाचा पाया याहून वेगळा नसतो.

आता अनाथपिंडिकाच्या अखेरच्या दिवसांकडे वळणे योग्य होईल. तो दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळला होता. त्याने सारिपुत्तांना निरोप पाठविला. ते आनंदासह त्याच्या घरी आले. वेदना असह्य झाल्याचे त्याने सांगितले. अशा वेळी एखाद्याला वाटेल, की सारिपुत्तांनी त्याला जेतवनाची आठवण करून द्यावी, त्याच्या दानाचा गौरव करावा, एवढे पुण्य गाठीशी असताना भय कशाचे असा धीर द्यावा. मज्झिम निकायातील या प्रसंगात तसे काही घडत नाही. सारिपुत्त त्याला एकेक गोष्ट सोडावयास सांगतात. डोळ्याला चिकटू नकोस, कानाला चिकटू नकोस. रूप, शब्द, गंध यांना चिकटू नकोस. संवेदनेला चिकटू नकोस, विचाराला चिकटू नकोस. इहलोकाला नको, परलोकालाही नको, अशा अर्थाचा तो उपदेश आहे. परलोकालाही नको, याचा अर्थ दानाच्या फळालाही नको. आयुष्यभराच्या खतावणीत जी सर्वांत मोठी जमा होती, तीही खोडून टाकावयास सांगण्यात आली.

हे ऐकून श्रेष्ठी रडू लागला. आनंदाने विचारले, गृहपती, धीर सुटतो आहे काय? त्याने सांगितले, तसे नव्हे. इतकी वर्षे शास्त्याची आणि संघाची सेवा केली, पण असा उपदेश पूर्वी कधी कानी पडला नव्हता. आनंद म्हणाला, हा उपदेश शुभ्रवस्त्रधारी गृहस्थांना केला जात नाही, प्रव्रजितांना केला जातो. त्यावर त्या मरणोन्मुख माणसाने सारिपुत्तांना विनंती केली, की गृहस्थांनाही असा उपदेश करीत जावे. ज्यांच्या डोळ्यांत धूळ थोडीच आहे असे लोक गृहस्थांतही आहेत, ते ऐकायला मिळाले नाही तर वाया जातील. स्वतःसाठी त्याने काही मागितले नाही. शेवटची इच्छा मागितली तीही इतरांसाठी. सर्व सोडण्याचा उपदेश ऐकत असतानाच त्याच्या मनात करुणा उमटली. चर्चेच्या आरंभीचा प्रश्न येथे आपोआप सुटतो. सोडल्याने करुणा आटत नाही. स्वतःभोवती अडलेला तिचा प्रवाह वाट मोकळी होताच दुसऱ्याकडे वाहू लागतो.

ते दोघे निघून गेल्यावर थोड्याच वेळात त्याचे देहावसान झाले आणि तो तुषित देवलोकात जन्मला, असे ग्रंथ सांगतो. त्याच रात्री एक तेजस्वी देवपुत्र जेतवनात आला. हे जेतवन ऋषिसंघाने सेविलेले असून ते पाहून मला आनंद होतो. माणूस शुद्ध होतो तो कर्माने, विद्येने, शीलाने, कुळाने वा धनाने नव्हे. अशा आशयाच्या गाथा म्हणून आणि सारिपुत्तांची प्रशंसा करून तो अंतर्धान पावला. सकाळी बुद्धांनी हा वृत्तांत सांगताच आनंदाने अचूक ओळखले, की तो अनाथपिंडिकच असला पाहिजे.

त्या देवपुत्राने काय सांगितले यापेक्षा काय सांगितले नाही, ते अधिक मननीय आहे. कोट्यवधी नाणी अंथरून ही भूमी मी घेतली, हे विहार मी बांधले, असा एक शब्दही त्याच्या तोंडी नाही. वृक्ष तेच, कुटी त्याच, आणि आनंदही तोच. त्यातले ‘माझे’ तेवढे गळून पडले होते. येथे साधू राहतात, येथे शांतता आहे, एवढ्यानेच त्याला पुरेसे सुख होते. संस्था उभारणाऱ्यांना, चालविणाऱ्यांना आणि उद्या दुसऱ्यांच्या हाती सोपविणाऱ्यांना असा आनंद लाभावा. आपण लावलेल्या झाडाखाली अनोळखी वाटसरू विसावलेला पाहून, आपले नाव न सांगता, पुढे जाता यावे. ज्याला हे साधले त्याची झोप सुखाची होईल, याविषयी संशय नाही.